साडेआठ आणि सहा

मायक्रोस्कोपला डोळे लावण्याआधी सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि खालच्या बशीला हळूच विचारायचे, "काय मंडळी, कसं काय?" मग उत्तर येणार असल्यासारखे क्षणभर थांबायचे. बशीतली मंडळी म्हणजे चार-पाच दिवसांचे भ्रूण. सुईच्या टोकावर मावतील एवढे.

ठाण्यातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात मी समुपदेशक आहे. सर तिथे भ्रूणतज्ज्ञ होते. शरीराबाहेर जुळवलेले गर्भ जपायचे आणि त्यातला कोणता आईच्या पोटात ठेवावा ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी गुरांच्या पैदाशीच्या प्रयोगशाळेत काढलेली. "गाय बरी हो," म्हणायचे, "रिझल्ट कधी, असं विचारत नाही."

मी नवीन असताना एकदा मोगऱ्याचा गजरा माळून लॅबच्या दारापर्यंत गेलेले. सर धावतच बाहेर आले. "ताई, आत वास चालत नाही. त्यांना त्रास होतो." गजरा त्यांनी स्वतः पँट्रीच्या फ्रीजमध्ये ठेवला आणि संध्याकाळी आठवणीने आणून दिला. पन्नाशी उलटलेला, मुलींच्या बापाचा तो अवघडलेला हात मला अजून दिसतो.

मग केंद्रात भ्रूण उबेत ठेवायचा नवीन इनक्युबेटर आला. त्याच्या आत कॅमेरा. दर काही मिनिटांनी प्रत्येक भ्रूणाचा फोटो काढायचा, फोटो जोडून फिल्म करायचा आणि शेवटी प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचा. आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे केंद्राच्या मुख्य डॉक्टर, खूश होत्या. सरांनीही नाक मुरडलं नाही. "चांगलंय की. बशी सारखी बाहेर काढावी लागत नाही, मंडळींची झोपमोड नाही." पण थोड्या दिवसांनी म्हणाले, "नुसता आकडा बघू नका. आकडा म्हणजे काही पत्रिका नव्हे."

ती फिल्म पेशंटला दाखवायचं काम माझ्याकडे आलं. सरांना ते आवडायचं नाही. "नका दाखवू, ताई. बघितलं की जीव लागतो. आणि यातली निम्मी मंडळी जाणारी असतात." मी ऐकलं नाही. लोक पडद्याकडे बघून रडायचे, हसायचे. मला वाटायचं, आपण चांगलं काहीतरी करतोय.

वनिता कोपरची. सासर खाडीवरचं कोळ्याचं घर. दोनदा उपचार फसलेले, ही तिसरी वेळ. दर वेळी सोबत नवरा आणि सासू. या जोडप्याची फाइल माझ्याकडे होती म्हणून मला माहीत होतं, की दोष वनितात नव्हता. नवऱ्याचा रिपोर्ट वाईट होता. पहिल्याच भेटीत, सासू बाहेर बसलेली असताना, तो खाली मान घालून म्हणालेला, "मॅडम, आईला कळता कामा नये." वनिताने मान डोलावलेली. आम्हीही गप्प राहिलो. पेशंटची गोष्ट पेशंटची.

यावेळी दोन भ्रूण टिकले. यंत्राने एकाला साडेआठ दिले, दुसऱ्याला सहा. सरांनी दोन्ही फिल्म पुन्हापुन्हा लावून पाहिल्या. मॅडमच्या केबिनमध्ये मीही होते तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मला सहावाला ठेवावासा वाटतो. हळू आहे, पण पाऊल नीट टाकतोय. साडेआठवाला दुसऱ्या दिवशी अडखळलाय. मला ते बरं दिसत नाही."

"सर, उद्या त्यांनी विचारलं की जास्त गुणांचा का नाही ठेवला, तर मी काय सांगू?"

सरांनी खिशातून पेन काढलं. "बरं," म्हणाले, आणि कागदावर सही केली.

साडेआठवाला ठेवला. सहावाला गोठवून ठेवला. वनिताला दिवस गेले. फिल्म तिने मोबाइलमध्ये घेतलेली, ती सगळ्या आळीला दाखवत फिरली. आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके थांबलेले दिसले.

चार महिन्यांनी ती दुसऱ्यासाठी आली. बारीक झालेली. सकाळी सर आत गेले, गोठवलेला भ्रूण बाहेर काढला. वाट बघितली. वितळल्यावर जिवंत भ्रूण पुन्हा फुगतो, तो फुगून आलाच नाही. असं कधीकधी होतं.

सांगायचं काम माझं. मी कॉरिडॉरमध्ये सांगितलं. वनिता भिंतीला टेकली. सासू मात्र उभी राहिली आणि सगळ्या पेशंटांसमोर म्हणाली, "हिचाच अंग खोटा हाय. तीन वेला झाला. बर्फान ठेवलेला पोर पन हिनं जगू दिला नाय."

नवरा शेजारीच होता. मोबाइलकडे बघत होता. मोबाइलचा पडदा काळा होता.

मी तोंड उघडणार, पण रिपोर्टचं बोलायची मला मुभा नव्हती. तेवढ्यात लॅबचं दार उघडलं. भ्रूणतज्ज्ञ कधी पेशंटसमोर येत नाही. सर डोक्यावर टोपी, गळ्यात मास्क तसेच बाहेर आले आणि सासूसमोर हात जोडून उभे राहिले.

"आजी, सुनेला बोलू नका. चूक माझी आहे. पहिल्यांदा हाच ठेवायला हवा होता, मला तसं वाटलेलं. मी जोर लावला नाही. आणि आज तो माझ्या हातात गेला. हिचा काही दोष नाही."

सासू त्यांच्याकडे वळली. मग तिने सरांना शिव्या दिल्या. बराच वेळ दिल्या. सरांनी हात सोडले नाहीत. जाताना नवऱ्याजवळ क्षणभर थांबून ते एवढंच म्हणाले, "आज मी बोललो. पुढचं तुम्ही बघा."

तक्रार झाली. मॅडमनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. "सर, असं कबूल करतात का कुणी?" महिनाअखेरीस सरांनी लॅब सोडली. मी त्यांच्यावर रागावले होते. एका वाक्यासाठी एवढी वर्षं घालवली म्हणून.

नंतर एकदा शीळफाट्याला रिक्षाची वाट बघत उभे दिसले. मी विचारलंच, "सर, खरंच सहावाला बरा होता?"

"मला वाटलेला बरा. पण तो जगलाच असता, असं नाही. पुष्कळदा मीच चुकलोय." मग म्हणाले, "ताई, त्या बाईला कुणावर तरी राग काढायचाच होता. मी शिव्या ऐकून घरी जाऊन जेवणार होतो. ती पोरगी त्याच घरी जाणार होती."

यंदा होळीच्या आधी सर गेले. झोपेतच. डोंबिवलीतल्या त्यांच्या घरी मी भेटायला गेले, तेव्हा कोपऱ्यात वनिताचा नवरा बसलेला. सरांच्या मुलींना तो कोण ते माहीत नव्हतं. निघताना जिन्याजवळ माझ्यापाशी आला.

"मॅडम, मी आईला सांगितलं. माझ्या रिपोर्टचं."

"कधी?"

"काल. सर गेल्याचं कळलं तेव्हा."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. मासे साफ करत होती. करत राहिली."

"आणि वनिता?"

"ती माहेरी असते. वर्ष होईल आता. माझा फोन घेत नाही."

एवढं बोलून तो वाकून चपला शोधू लागला. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. त्याला त्याच्या सापडेनात. मी थोडा वेळ थांबले, आणि मग जिना उतरले.