ताकदीची पावडर

त्या वर्षी मी फार थकले होते. सकाळी भंडाऱ्याहून तुमसर, तिथे गाडी बदलून सिहोऱ्याची शाळा, आणि संध्याकाळी तसंच उलटं. पण खरा थकवा प्रश्नांचा होता. लग्नाला सहा वर्षं झालेल्या बाईला लोक काय विचारतात, ते वेगळं सांगायला नको. मला पीसीओएस आहे, दोन-दोन महिने पाळी येत नाही, हे घरात नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी इनोसिटॉलच्या पुड्या दिल्या. लगेच गुण येत नाही, काही महिने थांबावं लागतं, आणि प्रत्येकीला उपयोग होतोच असंही नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. सुरुवातीला पोट बिघडलं, मग सवय झाली.

पेल्यात पुडी ढवळताना सासूबाईंनी एकदा विचारलं, हे काय. मी म्हटलं, ताकदीची पावडर. औषध म्हटलं असतं तर कशाचं, किती दिवसांचं, माहेरी कुणाला होतं का. एवढी उत्तरं द्यायचं त्राण माझ्यात नव्हतं. खोटं बोलणं सोपं पडलं.

सासूबाईंना शुगर. गोळी न चुकता घेतात. त्या वर्षी त्यांनी अचानक सोमवार धरले. उपाशीपोटी गोळी कशी चालेल, हे मी काढलं तर म्हणाल्या, महादेव बघून घेईल. मग उपासाला ताकद हवी म्हणून माझ्या डब्यातली पुडी घ्यायला लागल्या. चवीला जराशी गोड, धान्य नाही की मीठ नाही, उपासाला याहून सोवळं काय असणार? माझ्या काही लक्षात आलं नाही. माझं लक्ष कुठेच नसायचं तेव्हा.

एका सोमवारी नवऱ्याचा शाळेत फोन आला. आई घरातल्या हातमागाच्या खोलीत घामाघूम होऊन पडली होती. मी दवाखान्यात पोचले तोवर सलाईन लागलं होतं, त्या शुद्धीवर होत्या. डॉक्टर चिडलेले. उपाशीपोटी गोळी घेतली हेच मुख्य कारण, म्हणाले. नवऱ्याने आईजवळ सापडलेली रिकामी पुडी त्यांना दाखवली होती; ही पावडरही साखर खाली ओढू शकते, शुगरच्या गोळीसोबत विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. मग त्यांनी विचारलं, घरात ही पावडर कुणाची, आणि कशासाठी?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं. पाळीचं, मूल राहत नाही त्याचं, सगळं.

सासूबाईंनी मला हाताने जवळ बोलावलं. मग म्हणाल्या, "काहून नाई सांगतलं वं? मी त तुयासाठीच सोमवार करून राहिली होती."

मला राग आला, त्यांचाही आणि माझाही. रडायचं तर तेवढाही जोर उरला नव्हता.

डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले. आम्ही ऑटोतून घरी निघालो. घर जवळ आलं तशा सासूबाई हळूच म्हणाल्या, "आता सोमवार कोण करन?"

"कोणीच नाही, आई. सोमवारी आपण दोघी जेवू."