कायम खरेदी

वसईत दस्त लिहिणाऱ्यांच्या रांगेत आशालता भोईरचं टेबल एकतीस वर्षं होतं. त्यातली सतरा वर्षं माझं टेबल तिच्या शेजारी. फ्लॅट घेणारा येवो, वाडी विकणारा येवो, नाहीतर लेकीला बक्षीसपत्र करून देणारा, आशाताई आधी त्याला खुर्चीवर बसवायची आणि अख्खा कागद मोठ्याने वाचून दाखवायची. माणूस चुळबुळ करायला लागला की म्हणायची, "घाई असेल तर उद्या या. माझ्या टेबलावर न वाचता सही होत नाही." या सवयीपायी तिची कितीतरी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, हे मी आजवर तिला सांगितलेलं नाही.

अशा बाईला साठी उलटल्यावर कॉम्प्युटर गेमचं वेड लागलं, हे ऐकलं तेव्हा मला ठसका लागला होता. तिची मुलगी अश्लेषा हिने आईचा वेळ जावा म्हणून तो गेम दाखवला होता. पण पैसे आशाताईने स्वतःच्या कार्डाने भरले, कारण मुलीच्या पैशाने खेळ खेळणं तिला पटेना. गेम साधा होता. एक ओसाड जमीन मिळते, तिच्यावर पाणी काढायचं, झाडं लावायची, रस्ते आखायचे, घरं बांधायची. मारामारी नाही, शर्यत नाही. एकट्याने खेळायचं, फक्त दर वेळी इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरला जोडून घ्यायला लागायचं.

लोक त्यात राजवाडे बांधतात म्हणे. आशाताईने आमच्या वसईतलं होळी गाव आणि सांडोर गाव बांधायला घेतलं. आजचं नव्हे, तिने पहिला दस्त लिहिला त्या वर्षीचं. तिला सगळ्या चतुःसीमा पाठ होत्या. पूर्वेला अमक्याची वाडी, पश्चिमेला पायवाट, दक्षिणेला बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडची वाडीतली तळी, ज्यांच्या जिवावर केळी आणि भाजीपाला पिकला. पुढे त्यांतली बरीच बुजवून वर इमारती आल्या. त्या जमिनींचे कागद आशाताईनेच लिहिले होते, आणि हे तिच्या मनाला लागून राहिलं होतं, असं तिने मला एकदाच सांगितलं.

साडेतीन वर्षांत तिने त्रेचाळीस बावखलं परत खणली. हळूहळू लोकांना कळलं. सांडोरचे ॲन्सेल्म लोपीस एका दुपारी तिच्याकडे आले. त्यांच्या वडिलांची वाडी भावाभावांनी मिळून विकली, तिचं खरेदीखत आशाताईच्याच हातचं. म्हातारा अर्धा तास पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "आशा, पायऱ्या चुकल्यात. उंडीच्या झाडाखाली होत्या, या बाजूला नाही." तिने तिथल्या तिथे पायऱ्या हलवल्या. त्यानंतर दर महिन्याला कुणी ना कुणी चूक काढायला यायचंच. कुणाचा रहाट राहून गेलेला असायचा, कुणाचा क्रूस. जमिनीवर नव्हतं ते सगळं त्या एका जागी होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

मग कंपनीचं पत्र आलं. खेळणाऱ्यांची संख्या घटल्यामुळे साठ दिवसांनी गेम कायमचा बंद होत आहे, आजवरच्या प्रेमाबद्दल आभार.

आशाताईला आधी वाटलं, नवीन विक्री बंद होणार. अश्लेषाने समजावलं, "आई, आपलापण उघडणार नाही. त्यांचा सर्व्हर गेला की सगळं गेलं."

"सगळं म्हणजे?"

"तू बांधलेलंसुद्धा."

"पण मी तो विकत घेतलाय," आशाताई म्हणाली.

अश्लेषाने तिला भराभर फोटो काढून ठेवायला सांगितलं. काढलेही, नऊशेच्या वर. पण आशाताईचं समाधान होईना. घराचा फोटो काढून घर पाडलं तर घर राहिलं असं कोण म्हणतं, असं ती मला विचारत होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत येऊन बसली. हातात दोन कागद. एक कंपनीच्या ऑनलाइन दुकानाच्या पानाचा. दुकान मराठीत चालायचं आणि बटणावर लिहिलं होतं, 'खरेदी करा'. दुसरी पावती, 'तुमच्या खरेदीबद्दल धन्यवाद. हा गेम आता कायम तुमच्या संग्रहात राहील.'

"वाच," ती म्हणाली. "कायम आणि खरेदी. आपल्या धंद्यात याला काय म्हणतात?"

कायम खरेदी म्हणजे काय, हे आमच्या रांगेतल्या कुणालाही झोपेत विचारा. विकणाऱ्याचा, त्याच्या वारसांचा, कुणाचा म्हणून त्या वस्तूवर हक्क उरत नाही. तरी मी तिला समजवायला गेले. म्हटलं, आशाताई, हा गेम आहे, वाडी नाही. शब्द कुणीतरी भाषांतरात टाकला असेल.

"मग मी बावखल लिहिताना डबकं टाकलं असतं तर चाललं असतं?" ती म्हणाली. "शब्द कोनी टाकला ते मला नको सांगू. पैसे त्या शब्दावर घेतलेत." 'ण'च्या जागी तिच्या माहेरचा 'न' बाहेर आला की समजायचं, आता ही ऐकणार नाही.

तिने वकील केला नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार स्वतः लिहिली, चार पानांची. मी टाइप केली आणि तिने ती मला तीनदा वाचायला लावली. कंपनीने गेम चालवतच राहावं, असं तिने कुठेही मागितलं नव्हतं. परवडत नसेल तर दुकान बंद करा, तो तुमचा हक्क, असं तिने सरळ लिहिलं. पण दुकान बंद करणारा विकलेला माल गिऱ्हाइकाच्या घरी येऊन उचलून नेतो का, एवढाच तिचा सवाल होता. गेम घरच्या कॉम्प्युटरवर एकटा चालेल अशी सोय करून द्या आणि मग खुशाल जा.

पहिली तारीख व्हिडिओवर झाली. कंपनीचा वकील तरुण होता, आवाज मऊ. त्याने सांगितलं की हा गेम कधी विकलाच नव्हता, वापरायचा परवाना दिला होता, आणि तो कधीही काढून घेता येतो असं अटींच्या चौदाव्या कलमात स्पष्ट आहे. मग अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, आपण स्वतः दस्तलेखक होतात ना? 'मला मान्य आहे' यावर आपण क्लिक केलं, ते वाचूनच ना?"

मी शेजारी बसले होते. मला खरं ठाऊक होतं.

"नाही," आशाताई म्हणाली. "वाचलं नाही. एकतीस वर्षं लोकांना ज्यावरून बोलले तीच चूक मी केली. माझी चूक लिहून घ्या." आयोगाच्या अध्यक्षांनी मान वर केली. ती पुढे बोलत राहिली. "आता परवान्याचं. वसई-विरारमध्ये अर्धं गाव लिव्ह अँड लायसन्सवर राहतं. हजारो करार मी लिहिलेत. अकरा महिने म्हणजे अकरा महिने, शेवटची तारीख पहिल्या पानावर. भाडेकरूला ठाऊक असतं कधी निघायचंय, म्हणून तो भिंतीला खिळासुद्धा विचारून मारतो. यांनी मला तारीख सांगितली नाही. तारीख सांगितली असती तर मी साडेतीन वर्षं तिथे खणत बसले नसते."

आठवड्याभरात तडजोडीचा प्रस्ताव आला. गेमच्या किमतीच्या दसपट रक्कम, आणि मराठी दुकानातल्या बटणावर यापुढे 'परवाना घ्या' असं लिहू. बदल्यात तक्रार मागे घ्यायची. मी म्हटलं, घे. खरं सांगते, मनापासून म्हटलं. एका बाईने मोठ्या कंपनीचा शब्द बदलायला लावला, याहून जास्त काय मिळणार होतं?

"बटण त्यांनी बदलावंच," ती म्हणाली. "पुढच्या लोकांना कळेल. पण मी जुन्या बटणावर घेतलंय." प्रस्तावाच्या कागदावर तिने 'मान्य नाही' लिहिलं आणि खाली सही केली, सगळा वाचून.

गेम बंद होण्याची वेळ कंपनीच्या देशातली मध्यरात्र, म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. बुधवार होता. ॲन्सेल्मकाका आले होते, मी अर्धा दिवस टेबल बंद ठेवून गेले होते. आशाताई पडद्यावर कडेकडेने सगळी वाडी फिरत होती. काका एकेकाचं नाव घेत होते, हे गोन्साल्विसांचं, हे वझ्यांचं. त्यांच्या वडिलांच्या बावखलाशी ती थांबली आणि मग तिने काहीच हलवलं नाही. साडेबाराला पडदा करडा झाला आणि त्यावर आभाराची ओळ आली. काका डोळे पुसत होते. मला राग इतका आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले. आशाताईने कॉम्प्युटर बंद केला आणि आम्हाला जेवायला वाढलं.

दुसरी तारीख त्यानंतर नवव्या दिवशी होती. या वेळी ती प्रत्यक्ष हजर राहिली. अध्यक्ष चांगल्या मनाचे गृहस्थ होते. त्यांनी समजावणीच्या सुरात विचारलं, "ताई, गेम तर आता बंद झालाय. हे रक्कम द्यायला तयार आहेत. आता तुम्हाला नेमकं काय पाहिजे?"

"ताबा," आशाताई म्हणाली.

अध्यक्षांना नीट ऐकू आलं नसावं. तिने पुन्हा सांगितलं.

"साहेब, प्रत्येक खरेदीखतात एक ओळ असते. किंमत पोचली, ताबा दिला. ती ओळ नसेल तर आम्ही दस्त पुरा धरत नाही. यांनी किंमत घेतली, वर खरेदी लिहिलं आणि ताबा स्वतःकडेच ठेवला. तो मला द्या. द्यायचा नसेल तर यांनी इथे तुमच्यासमोर लिहून द्यावं की आम्ही विकलंच नव्हतं, विकलं म्हणून पैसे घेतले. दोन्हीपैकी एक. मी दोन्हीला तयार आहे."

अध्यक्षांनी वकिलाकडे पाहिलं. "सांगा. विकलं होतं की नव्हतं?"

वकिलाने फाइल उघडली, दोन पानं उलटली, परत मिटली.

"सर," तो म्हणाला, "यावर मला अशिलाकडून सूचना घ्याव्या लागतील. मुदत मिळावी."