तापलेले फोन आणि एक जूनची जन्मतारीख

मोबाईल रिपेअरिंगच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच ते फोनबरोबर ठेवून जातं. धाराशिवच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका! येणारा प्रत्येक फोन तापलेला आणि प्रत्येक मालक निष्पाप.

*

तेर गावच्या एका मावशींनी तापलेला फोन ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवला. माझ्या कारागिरानं, सलीमनं तो उलटा केला, तर पाण्याची धार! मावशी म्हणाल्या, "माठाचा गुण चांगला हाय बाबा. फोनच नाजूक निघाला."

*

एकाच्या फोनची बॅटरी उशीखाली चार्जिंग करून फुगली. सलीम म्हणाला, "हवा लागू द्या फोनला." आठ दिवसांनी गडी फुटकी स्क्रीन घेऊन हजर. फोन पंख्याच्या पात्याला बांधला होता! वर आमच्यावरच डाफरला, "तुमीच म्हणलाव की, हवा लागू द्या!"

*

एक काका म्हणाले, "फोन लई तापतोय, म्या तर नुसती भजनं ऐकतो." सलीमनं फोन चालू केला. स्क्रीनवर पाटी: 'तुमचं वय अठरा पूर्ण आहे का?' सलीम गंभीरपणे म्हणाला, "काका, भजनालाबी वय लागतंय व्हय आता?" काका फोन घेऊन तसेच गेले.

*

हे ऐकून दुकानात रोज पेपर वाचायला बसणारे गुरुजी भडकतात. "या डबड्यानं पिढी बिघडली!" निवृत्त हेडमास्तर, दरारा अजून कायम. जन्मतारीख माहीत नसलेल्या निम्म्या बेंबळी गावाला त्यांनीच शाळेत एक जून लावून दिला.

परवा बेंबळीचे आप्पा आले. वय पंचावन्न, यंदा गावच्या सप्ताहाचे अध्यक्ष. फोन हातात धरवत नव्हता. पेपरमागं कोण बसलंय हे न बघताच ते मला म्हणाले, "तसली एक साईट जन्मतारीख विचारायलीय. खरी मला म्हाईत न्हाय. दाखल्यावरची एक जून गुरुजींनी मनानं टाकलेली. खोटी तारीख दिली म्हणून घरी पोलीस यायचे न्हाईत ना? सप्ताह तोंडावर आलाय, इज्जत जाईल वो!"

पेपर खाली आला.

आप्पांनी शाळेतल्यासारखी हाताची घडी घातली. गुरुजींनी फोन मागून घेतला, चष्मा सावरला आणि स्क्रीन वाचली. मला आप्पांची खरंच दया आली. गुरुजी गावात एक शब्द बोलले असते, तर अध्यक्षपद त्याच दिवशी गेलं असतं.

गुरुजींनी फोन परत दिला.

"आधी गार होऊ दे. मग एक जूनच टाक. मी तीच टाकतो."