सासऱ्यांचा वाघ, माझ्या बकऱ्या

माझा मुलगा मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो, कंटाळला की पत्ते. तो म्हणतो, बुद्धिबळात डोकं लागतं आणि पत्त्यांत नशीब. मला मात्र आमचं जुनं घर आठवतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, सासरे वाघ-बकरी मांडत. जमिनीवर कोळशाच्या रेघा, वाघाला मोठा गोटा, बकऱ्यांना खडे. वाघानं वरून उडी मारली की बकरी मेली. बकऱ्यांनी सगळ्या वाटा अडवल्या की वाघ कोंडला. लपवायला काही नाही, सगळं डोळ्यांसमोर. मागच्या अंगणात सासूबाई दुपारी बाया जमवून तीन पत्ती खेळत, चिंचोके लावून. त्यांच्या मते चांगल्या पत्त्यांवर कोणीही जिंकतं, खरं डोकं वाईट पत्त्यांना लागतं. दुर्री-तिर्रीवर त्या अशा ठसक्यात चिंचोके लोटायच्या की बाकीच्या पत्ते टाकून द्यायच्या. मी तर तीन गुलाम आले तरी भिऊन टाकायची. सासूबाई म्हणत, "नशीब दारात आलं होतं, इनं कडी लावली."

मोठ्या जावेचा हात पत्त्यांत चालायचा. वाघ-बकरीत मात्र मी लहानपणी भावासोबत गुरं राखताना तयार झालेली. हे सासरी कोणालाच माहीत नव्हतं.

त्या वर्षी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, आटोपला आणि राखी आली. निंदण सोडून दोघी सुना एकदम माहेरी जाऊ शकत नव्हत्या. जावेला चिमूरकडे जायचं होतं, मला ब्रह्मपुरीवरून नदीपलीकडे. माझा भाऊ राखीनंतर कोरपन्याकडे सिमेंटच्या कामावर जाणार होता. मग तो कधी भेटेल याचा नेम नव्हता.

सासूबाई म्हणाल्या, पत्ते वाटा. सासऱ्यांनी ऐकलं नाही.

"पत्त्यानं ठरवलं तं नशिबावर रुसून बसाल. इथी रुसायले जागाच नाई."

ठरलं असं, की जी त्यांचा वाघ कोंडेल ती जाईल. दोघी हरल्या तर मोठीचा मान. जाऊ लवकरच हरली. मग मी पदर ओढून बसले. सासऱ्यांशी मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. नव्या सुनेनं बोलायचं नसतंच. मी मान खाली घालून खडे सरकवत गेले. ते आधी गाणं गुणगुणत होते, मग थांबले. शेवटी वाघाला हलायला एकही घर उरलं नाही.

पण आमच्याकडे नेम असा होता की ‘कोंडला’ असं तोंडानं म्हणावं लागे. न म्हटलं तर वाघाला एक मोकळी उडी. सासऱ्यांनी गोट्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता वाट पाहिली. त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं. मी पदर आणखी पुढे ओढला. त्यांनी गोटा जरासा उचलला.

"कोंडला जी, मामाजी," जाऊ दारातून म्हणाली. "तुमचा वाघ कवाचाच कोंडला."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू काऊन बोलून राह्यली? आता तुले घरीच राहा लागन."

"समजते जी मले. पण तिनं कोंडला ना."

त्यांनी गोटा होता तिथेच ठेवला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "पत्ते वाटले असते तं मोठीच गेली असती." ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून मी नदी ओलांडली. भाऊ घरीच होता. राखी झाल्यावर आईनं जेवायला वाढलं, सगळे हसत-बोलत होते. माझा घास मात्र हातातच राहिला. या वेळी जाऊ धानात वाकली असेल, तिची ओळ संपवून माझ्या ओळीला लागली असेल.