रस्ता ओलांडायचा नियम

माझ्या धाकट्या भावाला रस्ता ओलांडायला शिकवण्यात आईची काही वर्षं गेली. नियम दोन होते. एकट्याने ओलांडायचं नाही, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात धरायचा. आणि काही झालं तरी मधे हात सोडायचा नाही. भाऊ आता तिशी ओलांडून गेला आहे. तो बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग आहे, थोडंच बोलतो आणि एकदा शिकलेली गोष्ट मोडत नाही.

या दोन नियमांवर तो आमच्या अधारताल वस्तीतून शहरातल्या राइट टाउन भागात एकटा जात असे. तिथे काही पालकांनी मिळून चालवलेली कार्यशाळा आहे. तो कागदी पिशव्या चिकटवतो. घराजवळचा मेन रोड ओलांडला की पलीकडे शेअर ऑटो मिळतो. हात धरला की लोक आधी दचकत, मग हसत आणि त्याला पलीकडे नेऊन सोडत. एकट्याने घराबाहेर पडण्याचा त्याचा हक्क प्रत्यक्षात तेवढ्यावर टिकून होता: अनोळखी माणसाने हात झटकू नये.

त्या आठवड्यात शहरात मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा पसरली. मी एका हिंदी दैनिकात डेस्कवर काम करते. पोलिसांचा खुलासा आम्ही आतल्या पानावर छापला होता. मोबाइलवरचे व्हिडिओ त्याच्या आधीच घरोघरी पोहोचले होते. त्यातला एक शेजारणीने आईलाही पाठवला होता.

सकाळी मी घरीच होते. मेन रोडवरच्या चहावाल्याचा फोन आला.

"दीदी, जल्दी आइए. भैया को घेर लिया है. बच्ची का हाथ पकड़ लिया था."

काय झालं ते नंतर कळलं. शाळेच्या गणवेशातली पाच-सहा वर्षांची मुलगी व्हॅनची वाट पाहत कडेला उभी होती. तिची आई मागच्या दुकानात पेन्सिल घेत होती. भावाच्या शेजारी त्या वेळी ती एकटीच होती. त्याने तिचा हात धरला आणि चालू लागला. रस्त्याच्या मधोमध असताना कोणीतरी ओरडलं. एका माणसाने मुलीला ओढलं. भावाने हात सोडला नाही, उलट घट्ट धरला.

मी पोहोचले तेव्हा तो विजेच्या खांबाला पाठ लावून उभा होता. शर्टाची बटणं तुटली होती, एक कान लाल झाला होता. त्याच्यासमोर चहावाला हात पसरून उभा होता. एक जण विचारत होता,

"कहाँ ले जा रहा था?"

"उस पार."

"उस पार कौन है तेरा?"

"ऑटो."

उत्तर खरं होतं. गर्दी ते ऐकून आणखी जवळ सरकली.

पलीकडून ऑटोवाला धावत आला. "अरे, ये रोज मेरी गाड़ी में बैठता है. सीधा आदमी है."

"रोज बैठता है? मतलब रोज रेकी करता है."

कोणीतरी हसलं. हा माझा भाऊ आहे, असं मी म्हणाले, प्रेसचं ओळखपत्र काढलं. त्याचा उपयोग झाला नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या एकाने कॅमेरा माझ्याकडे वळवला. मागून नवे लोक येत होते आणि त्यांना फक्त 'पकड़ा गया' एवढंच कळत होतं. पुढच्या चार-पाच जणांनी भावाला रोज पाहिलं होतं. मागच्यांनी कधीच नाही. मागचे जास्त होते.

मुलीची आई तिला कडेवर घेऊन उभी होती. गर्दीने तिलाच विचारलं, "बोलो बहनजी, क्या करना है इसका?" ती भावाकडे पाहत राहिली. तिच्या तोंडातून कोणता शब्द निघतो त्यावर सगळं होतं. भाऊ मुलीकडे पाहत होता. त्याने तिला विचारलं, "हो गया पार?"

"जाने दो," बाई म्हणाली आणि भराभर निघून गेली. त्याचा दोष नाही, असं ती म्हणाली नाही.

पोलीस नंतर आले. घरापर्यंत येऊन एकाने आईला सल्ला दिला, "माताजी, कुछ दिन घर में रखिए. नहीं तो गले में कार्ड टाँग दीजिए."

ते गेल्यावर आई म्हणाली, "गळ्यात घंटी बांधू का? ढोर आहे का तो?"

संध्याकाळी ती त्याला घेऊन मेन रोडवरच्या दुकानांत गेली. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य: "भैया, मेरा बेटा है, देख लीजिए." काहींनी नीट पाहिलं. एकाने गिऱ्हाईक सोडून नमस्कार केला. एकाने मान वर केली नाही. राइट टाउनपर्यंतची सगळी दुकानं करणं तिला शक्य नव्हतं.

घरी तिने नियम बदलला.

"लेकरायचा हात धरायचा नाही, समजलं?"

"हो."

"बाया-पोरीयचा पण नाही."

"मंग कोणाचा?"

"मोठ्या माणसाचा. ओळखीच्या."

ओळखीचा चहावाला सकाळी भट्टीवरून हलू शकत नव्हता. ऑटोवाला पलीकडे असायचा. आईने ते त्याला सांगितलं नाही.

काम काम म्हणत तो आठवडाभर दारात उभा राहिला. शेवटी आईने त्याला सोडलं. मला म्हणाली, "तू मागं राह्य. पण हात नको देऊ. तू काय रोज जाऊन राहिली त्याच्यासंग?"

मी औषधाच्या दुकानाशी थांबले. तो कडेला उभा राहिला. लोक येत होते, ओलांडून जात होते. तो त्यांचे चेहरे पाहत नव्हता, हात पाहत होता. एक बाई आली, तो सरकून बाजूला झाला. शाळेची मुलं आली, त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. एक म्हातारा आला, त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

मग भावाने उजव्या हाताने स्वतःचाच डावा हात धरला आणि रस्त्यावर उतरला.

दुसऱ्याचा हात धरल्यावर गाड्या तो दुसरा पाहतो. भावाने कधी पाहिल्या नव्हत्या, आताही पाहिल्या नाहीत. नजर पलीकडच्या ऑटोवर होती. एका ट्रकने हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. एक स्कूटर त्याच्या पाठीला घासून गेली. तो मधे थांबला नाही, हातही सोडला नाही. पलीकडे पोहोचल्यावर सोडला.

ऑटो निघाला तेव्हा आईचा फोन आला.

"गेला का?"

"गेला."

"कोणी हात देला?"

मी हो म्हणाले.