निमकरसरांची पांढरी पूड

परंदवडीच्या जांभळाच्या वाइनमध्ये हिस्टामिन खरोखरच नव्हते, की निमकरसरांनी ते मोजण्याआधीच काढून टाकले होते? या एकाच प्रश्नासाठी मी सरांविषयी लिहीत आहे. ही आदरांजली नव्हे.

सर तळेगावातल्या आमच्या खासगी प्रयोगशाळेचे प्रमुख होते. रंगाचा त्यांना तिटकारा. गडद नमुना आला की ते त्यात चिकणमातीची पांढरी पूड ढवळत, गाळत आणि फिका झालेला द्रव यंत्रात सोडत. "यंत्र म्हणजे जावई. त्याला निवडूनच वाढायचं," असे म्हणत. कोणी शंका काढली की, "हे कुठल्या शाळेत शिकवतात?" असे सर्वांसमोर विचारत.

परंदवडीच्या त्या लहान कारखान्यात बाटल्या भरण्याआधी प्रत्येक टाकीतला घोट चाखण्याचे काम मंदामावशींकडे होते. एका टाकीच्या घोटाने त्यांचा चेहरा लाल होई, डोके ठणके. वाइन आंबताना जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होते आणि काहींना त्याने असाच त्रास होतो. मालकाचे म्हणणे, बाई चोरून पिते. त्या टाकीचा नमुना त्याने आमच्याकडे पाठवला; अहवालात काही निघाले नाही तर तिला काढणार. मावशी स्वतःच प्रयोगशाळेत आल्या.

"सायेब, बाकीच्या टाक्यांचं कायबी व्हत न्हाई. ह्याच टाकीत कायतरी हाय."

"मावशी, मशीन पीत नाही. त्यामुळे ते खोटं बोलत नाही."

"मशीनला काय पाजलं, ते तुमालाच ठावं," मावशी म्हणाल्या.

अहवाल गेला : हिस्टामिन आढळले नाही.

मला ती पूड खटकत होती. आम्लधर्मी वाइनमध्ये हिस्टामिनवर धन विद्युतभार असतो, त्या मातीवर ऋण. म्हणजे माती हिस्टामिनही धरून ठेवणार. उरलेल्या नमुन्याचे मी दोन भाग केले, दोन्हींत मोजून सारखेच हिस्टामिन मिसळले आणि एकातच पूड ढवळली. पुडीच्या भागात मी घातलेलेसुद्धा जवळजवळ सापडले नाही. दुसऱ्यात घातल्यापेक्षा बरेच अधिक सापडले. ते अधिकचे वाइनचेच होते.

मी आलेख सरांपुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला. त्यांना तो समजला, याविषयी मला शंका नाही.

"हा अहवाल मागे घेतला तर आधीचे सगळेच मागे घ्यावे लागतील," ते म्हणाले. "एका चाखणाऱ्या बाईसाठी?"

आलेख घेऊन मी मालकाकडे गेलो. त्याने सरांची सही मागितली. मावशींचे काम गेले.

पुढे सर निवृत्त होऊन लोणावळ्याला राहायला गेले. निरोपाच्या सभेत त्यांच्या टापटिपीचे पुष्कळ कौतुक झाले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशींना त्रास हिस्टामिननेच झाला, हे मी सिद्ध केलेले नाही. 'आढळले नाही' हे मात्र असत्य होते आणि ते दुरुस्त करणे सरांच्या हातात होते.

गडद मद्ये तपासणाऱ्यांनी केवळ माझ्या सांगण्यावर जाऊ नये. पूड घालण्याआधी नमुन्यात मोजून हिस्टामिन मिसळावे आणि शेवटी त्यातले किती हाती लागते, ते स्वतः तपासून पाहावे.