झोपलेल्या कंदाला पाणी

जबलपुरात मे महिन्यात पाणी दिलं तर मरेल, असा आमच्या घरात एकच जीव आहे. तो म्हणजे माझा कंद. कुंडीत अर्धा वर आलेला, कासवाच्या पाठीसारखा. हिवाळ्यात त्याला वेल फुटतो, उन्हाळ्यात तो वाळतो आणि कंद झोपतो. झोपेत पाणी मिळालं की कुजतो. सात वर्षं मी त्याला बियापासून वाढवलाय. हिवाळ्यात खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून पाणी, उन्हाळ्यात थेंब नाही. एवढा साधा नियम!

मे महिन्यात अमरावतीहून आत्या आली. दुसऱ्याच सकाळी मागच्या अंगणात पाहतो, तर कंदाला चंदन फासलेलं, वर बेलपान, आणि आत्या तांब्याने धार धरून उभी!

"आत्या! काय करून राहिलीस?"

"महादेवाले पाणी घालून राहिली. देव उन्हात, न् तू चहा पिऊन राहिला!"

"ते झाड आहे!"

"पानं कुठी आहेत?"

"झोपलंय ते!"

आत्या माझ्या बायकोकडे वळली. "बाई, यालेही जरा सावलीत बसव."

(बायको हसली. हे मी विसरलेलो नाही.)

मी तांब्या लपवला. आत्याने बादली आणली! शेवटी नर्मदेच्या घाटावरून तेवढाच गोटा आणला, तशाच कुंडीत वाळूत बसवला, चंदन फासलं आणि अंगणात ठेवला. कंद गेला खोलीतल्या कपाटावर. (त्याचं चंदन खरवडलं नाही, साल निघाली असती.) आत्या महिनाभर गोट्याला न्हाऊ घालून समाधानाने परतली. मी मात्र आमच्या सगळ्या कांचघर मोहल्ल्याला सांगत सुटलो, "दगडाला पाणी घालते हो, दगडाला!"

दिवाळीनंतर थंडी पडली. कपाटावरची कुंडी उतरवून समोरच्या खिडकीत उन्हाला ठेवली. दर रविवारी तीन टोपणं पाणी. डिसेंबर उजाडला, तरी वेल फुटेना!

"बुडवून मारला आत्याने! सात वर्षांचा कंद! लाव तिला फोन, आत्ताच!"

"अच्छा, लावते," बायको म्हणाली. "पण मागे कपड्यांच्या दोरीवर चढलंय, ते कोणाचं मग?"

धावत गेलो. हिरवागार वेल! निथळत्या कपड्यांचं पाणी पिऊन माझ्या बनियनला विळखा घालून बसलेला!

"दिवाळीच्या सफाईत कुंड्यांच्या जागा बदलल्या मी. देव काय जमिनीवर ठेवायचा? वर ठेवला, झाड खाली आणलं."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"मला वाटलं, तुम्ही देवाचं करायला लागले. बरं वाटलं जीवाला."

आत्याने गोट्याला देव समजून पाणी घातलं होतं. मी झाड समजून घातलं. तेही मोजून!